सातवा रकाना

प्रिय भिंगरी,

या पत्रासाठी कोरा कागद घेतला, तेव्हा टेबलावर आधीच अकरा कागद पडलेले होते आणि ते सगळे एकाच संस्थेचे होते. दोन वर्षांपूर्वी तू माझ्यासाठी ती ओळखचोरी संरक्षण सेवा घेतलीस, तिची मुदत या शुक्रवारी संपते आहे. पुढची वर्गणी मी भरावी की सेवा बंद करावी, एवढा एकच निर्णय मला घ्यायचा आहे. त्यासाठी त्यांनी मला अकरा पत्रे पाठवली आणि त्यांत माझे नाव तीन निरनिराळ्या प्रकारे लिहिले. ज्यांनी माझ्या नावाचे रक्षण करायचे, त्यांना ते एकदा तरी नीट लिहिता यावे, ही अपेक्षा फार मोठी आहे काय? मी लाल शाईने दुरुस्त्या करून चार पत्रे परत पाठवली. उत्तर आलेले नाही. तुझ्याकडूनही चौदा महिन्यांत एका ओळीचा निरोप नाही. पण त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही, हे मी आरंभीच लिहून ठेवतो.

बेचाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या माणसाच्या हाती माहितीपत्रक पडले की काय होते, ते तुला ठाऊक आहे. शेवटच्या पानावरच्या मुंगीएवढ्या टाइपासह ते मी तीनदा वाचले. निष्कर्ष असा, की ही सेवा चोरी थांबवीत नाही. चोरी झाल्यावर कळवते. घर फुटल्यावर दार वाजवून 'तुमचे घर फुटले' असे सांगणाऱ्या शेजाऱ्याला वर्षाची वर्गणी द्यायची, असा हा व्यवहार आहे. आपल्या नावावर कोणी कर्ज काढले आहे का, हे आपले आपल्याला फुकट पाहता येते. कर्जाच्या नोंदीला कुलूपही लावता येते, तेही फुकट. बँकेतल्या मुलीने ते मला पाऊण तासात करून दिले आणि त्यातला अर्धा तास मी प्रश्न विचारण्यात घालवला. राहता राहिली भरपाई. तिचे वचन पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आहे आणि चौदाव्या पानावर तिला नऊ अपवाद आहेत. पाचवा अपवाद असा, की ग्राहकाने आपली माहिती स्वतःहून कोणाला सांगितली असल्यास भरपाई मिळणार नाही. त्या अख्ख्या पत्रकात निर्दोष वाक्य एकच, ते व्याख्येचे: 'दुसऱ्याचे नाव, त्याला न विचारता, स्वतःच्या सोयीसाठी वापरणे म्हणजे ओळखचोरी.' त्याच्यापुढे मी समासात पेन्सिलीने 'उत्तम' असा शेरा मारला होता.

तरीही निर्णय होईना. खालच्या शिंप्याला विचारले. तो म्हणाला, घ्या काका, कोणीतरी लक्ष ठेवून आहे म्हटल्यावर मनाला बरे वाटते. मी त्याला अपवाद वाचून दाखवू लागलो. पाचव्या अपवादाशी त्याने मशीन थांबवले, तोंडातली टाचणी काढली आणि विचारले, "तो गोड बोलणारा गृहस्थ पुन्हा फोन करत नाही का हो?" मी उसवलेला सदरा तसाच काखोटीला मारून वर आलो. हा टोमणा तुला कळायचा नाही. तो कळावा, म्हणूनच पुढे लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वीचे आधी क्रमाने मांडतो. कोणीतरी माझ्या नावावर दोन फोन घेतले आणि त्यांवरून महिनाभर परक्या माणसांना धमकावले. एका सकाळी साध्या वेशातला पोलीस दारात उभा राहिला आणि हातातल्या कागदावरचे माझे नाव वाचून 'हे तुम्हीच का?' असे विचारू लागला. आयुष्यात मी कोणाला मोठ्याने हाकसुद्धा मारलेली नाही. तू कामावर रजा टाकून आलीस. तीन आठवडे आपण फोन कंपनीच्या कार्यालयातून चौकीत आणि चौकीतून कार्यालयात खेपा घातल्या. त्या कार्यालयातल्या निळ्या खुर्च्यांपैकी एकीचा पाय आखूड होता. ती नेमकी तुझ्याच वाट्याला कशी येते, असे मला वाटे. तू मला बसवून मग स्वतः बसत होतीस, हे फार उशिरा ध्यानात आले. शेवटी तक्रारअर्ज भरण्याची वेळ आली, तेव्हा अक्षर चांगले म्हणून पेन माझ्या हाती आले. प्रकरण मिटले. तू ही सेवा घेतलीस, दोन वर्षांची वर्गणी एकदम भरलीस आणि गाडी धरलीस.

तर गेल्या आठवड्यात मी त्या सेवेला फोन केला. आधी यंत्रातली बाई. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा; नऊ दाबले की पुन्हा एकपासून. वीस मिनिटे तीच ती धून ऐकली. मग एक जिवंत मुलगी आली आणि म्हणाली, आजोबा, आधी तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा. फोन मी केला, नाव माझे, खाते माझे, आणि सिद्धही मीच करायचे! प्रश्न होता: पहिल्या नोकरीचे ठिकाण. मी छापखान्याचे नोंदणीपत्रावरचे संपूर्ण नाव 'आणि मंडळी'सह सांगितले. चूक. 'आणि मंडळी' वगळून सांगितले. चूक. तिसरे उत्तर चुकले तर खाते दोन दिवस बंद राहील, असे ती म्हणाली. मी तिला सुनावले, की बेचाळीस वर्षे तेथे मी होतो, आपण नव्हता. तिने उसासा टाकला. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, की ज्यांनी अर्ज भरलाय ना आजोबा, त्यांनी एकच शब्द लिहिलाय, लहान मुलीने सांगावा तसा. मी म्हणालो, 'छापखाना.' बरोबर निघाले. बाबा कुठे गेले, असे कोणी विचारले की फाटकाला लोंबकळत तू एवढेच सांगत असस.

पुढे तिने विचारले, की दरमहा अहवाल जातो तो दुसरा संपर्क कायम ठेवायचा का. कोणता दुसरा संपर्क, ते मला ठाऊक नव्हते. तेव्हा कळले, की माझ्या नावाचा अहवाल एक तारखेला मला येतो तसा तुलाही येतो. पहिल्यानंतर मी तो कधी उघडला नाही. त्यातील भाषा मला सोसत नाही. तू तेवीसच्या तेवीस उघडलेस, तेही बहुतेक त्याच दिवशी, असे त्या मुलीने पडद्यावर पाहून सांगितले. 'या महिन्यात कोणतीही संशयास्पद घटना आढळली नाही', एवढेच तर त्यात असते. चौदा महिने तू मला विचारत नव्हतीस, ते अशा रीतीने विचारत होतीस. मी हे नीट मनात उतरवून घेतो आहे, तोच तिने पुढचा प्रश्न वाचला. तिच्या आवाजात काही नव्हते. ती फक्त वाचत होती. "जुन्या घटनेचं कारण इथे 'मुलीचा हलगर्जीपणा' असं आहे. तेच कायम ठेवू ना, आजोबा?"

ते तिथे कोणी लिहिले, असे मी विचारले. ज्यांनी अर्ज भरला त्यांनीच, असे उत्तर आले. तिने आवाज येतो आहे का म्हणून विचारले. आवाज चांगला येत होता. मी फोन ठेवून दिला.

आता जे तुला कधीच सांगितले नाही, ते सांगतो. पोलीस येण्याच्या पाच आठवडे आधी तुझा मला निरोप आला होता: 'बाबा कोणाचाही फोन आला तरी नंबर सांगू नका काही सांगू नका.' घाईत लिहिलेला, एकाही विरामचिन्हावाचून. मी तो दुरुस्त करून तुला परत पाठवला. त्यानंतर चौथ्या दिवशी एका गृहस्थाचा फोन आला. फोन कंपनीतून बोलतो म्हणाला. आवाज धीरगंभीर, 'आपण', 'कृपया', 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे', एकही वाक्य अर्धवट सोडले नाही. असे बोलणारे हल्ली कोणी भेटत नाही, भिंगरी. मी त्याला ओळखपत्राचा क्रमांक एकेक अंक सुटा करून सांगितला. फोनवर आलेला सहा आकडी संकेतही सांगितला. वर, आपली भाषा उत्तम आहे, असे त्याचे कौतुक केले. संध्याकाळी शिंप्याकडे जाऊन, जगात अजून नीट बोलणारी माणसे आहेत, असे मोठ्या आनंदाने ऐकवले. म्हणून त्याला सगळे ठाऊक आहे. इतके दिवस तो गप्प राहिला, हा त्याचा चांगुलपणा.

तक्रारअर्जाच्या सातव्या रकान्यात प्रश्न होता: माहिती कोणाकडून उघड झाली? समोर फोन कंपनीचा अधिकारी बसलेला. बेचाळीस वर्षे इतरांच्या चुका काढलेला माणूस एका गोड आवाजाला भुलला, हे माझ्याच अक्षरात मला लिहवेना. मी तुझे नाव लिहिले. तू माझे कागद फोनमध्ये ठेवले होतेस, तेव्हा ते खरेही वाटले असते. अक्षर सुरेख आले होते. तू ते वाचलेस. मला वाटले, आता विचारशील. तू इतकेच म्हणालीस, "बाबा, पेन द्या." आणि खाली सही केलीस.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. तुझ्या आत्याला मी तेच सांगितले आणि आत्याने ते साऱ्या गोतावळ्याला. तुझ्या आतेभावाच्या नव्या घरी सगळे जमलो होतो, तेव्हा आत्या सर्वांदेखत म्हणाली, की हिच्या हाती कागद देऊ नका रे, ही बापाला चौकीत पोचवून आली आहे. सगळे हसले. तू माझ्याकडे पाहिलेस. मीही हसलो. त्यानंतर तू आली नाहीस.

फोन ठेवल्यावर ते माहितीपत्रक मी पुन्हा उघडले होते. व्याख्येपुढे माझा 'उत्तम' तसाच होता.

सोमवारी फोन कंपनीच्या कार्यालयात गेलो. तेथे आता नवा अधिकारी आहे. तो म्हणाला, तक्रार केव्हाच निकालात निघाली, आता त्यात दुरुस्ती होत नाही. मंगळवारी पुन्हा गेलो. त्याने विचारले, कोणाचे काही अडले आहे का? कशाला उकरून काढता? मी म्हणालो, एकीचे नाव चुकीच्या जागी पडले आहे. तो घड्याळाकडे पाहू लागला. आज बुधवार, आज मी त्या निळ्या खुर्च्यांपैकी आखूड पायाची शोधून काढली (ती अजून तेथेच आहे) आणि दुपारपर्यंत तिच्यावर डुगडुगत बसून राहिलो. शेवटी कंटाळून त्याने सांगितले, की जुना अर्ज बदलता येणार नाही, पण त्याला स्वतंत्र निवेदन जोडता येईल. ते जोडले. पोच म्हणून प्रतीवर शिक्का घेतला. पुसट उठला, म्हणून दुसऱ्यांदा मारायला लावला. घरी येऊन तुझ्या आत्याला फोन केला आणि सगळे सांगितले. ती म्हणाली, "अरे, मग इतके दिवस मला बोलू का दिलंस?" आतेभावाच्या घरी जेवढे जण होते, तेवढ्यांना मी स्वतः फोन करणार आहे. आतापर्यंत चौघांना झाले.

सेवेचा निर्णय असा, की ती मी बंद करतो आहे. परक्यांपासून माझे नाव सांभाळायला कुलूप पुरेसे आहे, आणि माझ्यापासून तुझे नाव सांभाळण्याची सोय त्यांच्या पत्रकात नाही. शुक्रवारी ती बंद झाली, की येत्या एक तारखेला तुझ्याकडे अहवाल येणार नाही. तो आला नाही म्हणून दचकू नकोस; मला काही झालेले नाही. मुळात एवढेच कळवायला हे पत्र लिहायला घेतले होते. सोबत निवेदनाची प्रत जोडली आहे. माझ्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र लावावे लागले नाही, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस; हे निवेदन म्हणजे माझे पहिले शुद्धिपत्र. त्यातही प्रश्न तोच आहे आणि रकानाही सातवाच. त्यात आता माझे नाव आहे, नोंदणीपत्रावर आहे तसे, संपूर्ण. तू हे पत्र उघडलेस की नाही, ते मला पडद्यावर पाहून कोणी सांगणार नाही. न सांगितलेलेच बरे.

पडताळणीवाचून ओळखशील या आशेत,
तुझाच,
बाबा