सात नंबरचा फॉर्म

सर, तुमचा पत्ता मला अजून पाठ आहे, पण त्या घरात आता दुसरे लोक राहतात आणि तुम्हाला जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. तरी तुम्हालाच लिहिते आहे. उद्या सकाळी मला माझ्या वर्गासमोर उभं राहून एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती आधी तुमच्यापुढे म्हणून पाहिल्याशिवाय माझ्या तोंडातून निघेल असं वाटत नाही. मी तुमची विद्यार्थिनी, आता स्वतःच पन्नाशीला टेकले आहे, तरी तुमच्यासमोर अजून बी.ए.चीच पोरगी आहे.

अकोल्याच्या एका कॉलेजात मी तुमचाच विषय शिकवते, समाजशास्त्र. रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरल्या नाहीत, त्यामुळे इतिहासाच्या आणि राज्यशास्त्राच्या असाइनमेंटचे गठ्ठेही माझ्याच टेबलावर येऊन पडतात. तुमच्या काळात मुलं मागच्या वर्षीची फाइल आणून फक्त पहिलं पान बदलायची. आता तेवढेही कष्ट नाहीत. मोबाइलला विषय सांगितला की तो पानंच्या पानं लिहून देतो, शुद्धलेखनासकट. पेशवाई असो, पंचायत राज असो की हुंडाप्रथा, सगळ्यांचा शेवट एकाच वाक्यानं होतो, 'वरील अभ्यासावरून असे दिसून येते की'. चाळीस जणांना चाळीस वेगळ्या गोष्टींवरून एकच दिसून येतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. मी चिडकी झाले आहे, सर. स्टाफरूममध्ये मला त्यावरून चिडवतातही. सांगायचा मुद्दा असा की या वर्षी मी पेटून उठून तुमच्याच जुन्या पद्धतीचा विषय दिला: घरातल्या एका बाईचा एक दिवस, तिला विचारून, तिच्याच शब्दांत.

बाळापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातून बसनं येणारी एक मुलगी आहे. मागच्या बाकावर बसते, विचारल्याशिवाय बोलत नाही. घरी भाजीपाल्याची शेती. तिनं आपल्या आत्यावर लिहिलं. आत्या नवऱ्यामागं भावाकडे येऊन राहिलेली. सात-आठ पानं साधी, अडखळत लिहिलेली, आणि मध्येच एक वाक्य: 'रिकामा वेळ भेटला त तो कोणाले देऊ, तेच मले समजत नाही.' मी तिथं थांबले. वाक्याला लाल गोल केला. मग जे केलं ते लिहायला हात धजत नाही. भर वर्गात तिला उभं केलं, ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले की बाया असं बोलत नाहीत, हे मोबाइलनं रचलेलं आहे. वर्ग हसला. ती म्हणाली, "मॅडम, आत्यानं म्हटलं." मी म्हणाले, मग आत्याला घेऊन ये, आणि पानावर शून्य मांडलं. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात आली नाही.

पंधरा दिवस मी तिच्या रिकाम्या जागेकडे न पाहता शिकवलं. मग तिच्या गावाहून येणारी दुसरी एक पोरगी सांगून गेली की तिच्या घरचे तसेही शिक्षण बंद करायला निमित्तच शोधत होते, ते आता मिळालं. अंतर्गत गुण मंगळवारपर्यंत भरायचे आहेत. माझं शून्य तसंच गेलं तर तिचा परीक्षेचा फॉर्म अडेल आणि ती परत येणार नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. तरीही मी दोन दिवस स्वतःला समजावत राहिले की वाक्य खोटंच असणार. इतकी खात्री मला कशानं होती, ते सांगायला मला अमरावतीला, तुमच्या वर्गात, परत यावं लागेल.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी तुम्ही आम्हाला दहा-दहा फॉर्म दिले होते. बाजारात बसणाऱ्या दहा बायांना भेटा, नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक, आणि बाई बोलेल तसंच उतरवा, तिची भाषा धुऊन काढू नका. मी सगळे दहा फॉर्म घरी बसून भरले. दोन दिवसांनी तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावता. टेबलावर अर्धा कप चहा, त्यावर बशी झाकलेली. तुम्ही फॉर्म माझ्याकडे सरकवता आणि आवाज जरासुद्धा न चढवता म्हणता, "या दहाही बाया एकाच आवाजात बोलतात, आणि तो आवाज तुझा आहे. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या दहा बायांत एकीचेही पाय दुखत नाहीत?" तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नवे कोरे दहा फॉर्म दिलेत आणि शनिवारपर्यंतची मुदत.

तुम्हाला माहीत नव्हतं ते हे, की देवीच्या देवळासमोर फुलवाल्या बायांची जी ओळ बसते, तिच्यात माझी आई बसायची. बाबा गावाबाहेरच्या तुकड्यात झेंडू-शेवंती काढायचे, आई विकायची. कॉलेजात मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी शेती आहे, एवढंच म्हणायची. नवे फॉर्म घेऊन गेले त्या दिवशी माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती, वकिलाची मुलगी, तिचेही दहा फॉर्म. ओळीच्या एका टोकापासून आम्ही सुरुवात केली. बाया भराभर बोलत होत्या, एकीनं तर गिऱ्हाईक सोडून मला तिच्या सुनेची हकीकत ऐकवली. सहा झाल्या. सातवी आई. आईनं मला पाहिलं, मैत्रिणीला पाहिलं, मान खाली घातली आणि फुलांवर पाणी शिंपडायला लागली. मी पुढच्या बाईकडे गेले.

मैत्रिणीला काही कळलं नाही. घरी आईनं तो विषय कधीच काढला नाही, तिनं त्या दिवशी नेहमीसारखी भाकर वाढली. नऊ फॉर्म खरे होते. दहावा हवा होता, म्हणून सातव्या क्रमांकावर मी एक बाई तयार केली. 'या कामातलं तुम्हाला काय आवडतं' या प्रश्नाखाली तिच्या तोंडी घातलं: 'फुलं आत जातात अन् मी बाहेर राहतो. पण वास माह्याच हाताले येते.' लिहिलं तेव्हा माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला होता. आईला न विचारल्याची लाज मी एका सुंदर वाक्यानं झाकली, आणि लाज वाटायच्या ऐवजी मला त्या वाक्याचा गर्व झाला.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही ते वाक्य वर्गात वाचलंत. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या पूजाअर्चा, लहानपणापासून रोज सकाळी फुलांची पुडी हातात, पण ती देणारीचा हात मी कधी पाहिलाच नाही, असं तुम्ही म्हणालात. मला घरी बोलावलंत. काकूंनी स्वयंपाकघरात पाटावर बसवून गरम सांजा खाऊ घातला, आणि तुम्ही ओट्याला टेकून त्यांनाही ते वाक्य ऐकवलंत. निघताना एक वही दिलीत. उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद जमवून तुम्ही स्वतः दाभणानं शिवलेली. म्हणालात, बायांचं ऐकत जा आणि यात लिहीत जा. त्या बाईंना मला भेटव, असंही म्हणालात. मी सांगितलं की ती लेकीकडे निघून गेली. तरी तुम्ही दर गुरुवारी त्या ओळीत जाऊन चौकशी करत राहिलात. आईनंच एकदा घरी सांगितलं, "एक सर येतात, माह्याजवळून झेंडू घेतात, अन् कोण्या बाईचं इचारतात. अशी बाई त आमच्यात कोनी नाही." मी भांडी घासत होते, घासत राहिले. निवृत्तीच्या समारंभात तुम्ही तेच वाक्य म्हणालात. तुमच्या शोकसभेत ते मी म्हटलं, आणि रडलेसुद्धा. लोकांना वाटलं, गुरूवर काय जीव होता. जीव होताच, सर. पण मी रडले ते त्याच्यासाठी नव्हे.

तर असाइनमेंटमध्ये सुंदर वाक्य दिसलं की मला ते खोटं का वाटतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या हातून आलेलं सगळ्यात सुंदर वाक्य खोटं होतं.

आज रविवार. सकाळच्या बसनं मी त्या मुलीच्या गावी गेले. अंगणात मेथीच्या जुड्या बांधणं चाललेलं. मुलगी मला पाहून उठली. आत्यानं खाट टाकली, चहा केला, आणि पुन्हा जुड्या बांधायला लागली. मी मुलीची मॅडम म्हटल्यावर तिला वाटलं, पोरीनं काही आगळीक केली. मी म्हटलं तसं नाही, तुम्ही जरा बसा तरी, काम ठेवा बाजूला. मला काही काढून घ्यायचं नव्हतं तिच्याकडून, उगीच म्हणाले. ती बसली. हात मांडीवर ठेवले, उचलले, पदराशी नेले, पुन्हा ठेवले. मग हसून म्हणाली, "बसून का करू, बाई? रिकामा वेळ भेटला त तो कोणाले देऊ, तेच मले समजत नाही." आणि परत जुडी उचलली. तिला ते वाक्य वाटलंच नव्हतं. ती रोजच म्हणत असावी.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत 'बघा' असंही नव्हतं, फक्त वाट पाहणं होतं. मी म्हटलं, चूक झाली माझी, गुण देते, उद्या ये. ती म्हणाली, "मॅडम, तुमी वर्गात म्हटलं होतं. मंग वर्गातच सांगा." आत्या तिला दटावायला लागली, मॅडमशी असं बोलत नसतात म्हणून. मी म्हटलं, बरोबर बोलते आहे ती. सांगेन.

परतीच्या बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. गैरसमज झाला, एवढं म्हटलं की भागेल. पण मुलं विचारतील, मॅडम, तुम्हाला खोटं का वाटलं? आणि तिथं मी काहीतरी गोड रचीन, हे मला माझं ठाऊक आहे. आई आता माझ्याकडेच असते. घरी येऊन तिला सगळं सांगितलं, शून्याचं, आत्याचं, बाया असं बोलत नाहीत म्हणाले त्याचंही. ती लसूण सोलत होती. वर न पाहता म्हणाली, "तुले का माईत, बाया काय बोलतात? तू कवा इचारलं?"

मी उठून तुमची वही काढली. शेवटची काही पानं कोरी होती. तिच्यासमोर बसले आणि तुमच्या फॉर्मवरचे आठवतील तेवढे प्रश्न एकेक करून विचारले. तिनं आढेवेढे घेतले नाहीत, जणू कधीतरी विचारतील म्हणून बसूनच होती. या कामातलं काय आवडायचं, या प्रश्नाला तिनं लसणाची आणखी एक पाकळी सोलली. मी फुलांच्या वासाचं सुचवून पाहिलं. "वासाचं का घेऊन बसली? हात ओले, गोनपाट ओलं, मले बारा महिने सर्दी राहे. वास येतच नव्हता. बाजूची बाई जेवाले गेली का तिच्या जागेवर पाय लांब करता येत, ते आवडे." मग विचारलं, त्या दिवशी मी पुढं गेले तेव्हा तुला काय वाटलं. हा प्रश्न तुमच्या फॉर्मवर नव्हता. ती म्हणाली, "तुह्यासंगं पोरगी होती ना." आणि लसणाची टरफलं गोळा करून आत गेली.

उद्या पहिल्या तासाला ती मुलगी आली, तर वर्गात मी हे सगळं सांगणार आहे, आईपासून. हे पत्र या वहीतच राहील. सात नंबरचा फॉर्म आज भरून झाला, सर. पण आईचं उत्तर उतरवताना 'सर्दी' या शब्दाशी माझा हात थांबला होता. ते थोडं बरं करून लिहावं, असं मला आजही वाटलं.