उन्हाआधीची नीरा

३ डिसेंबर १९५९

पोचलो एकदाचा कांठालडांग्याला! ट्रंक, वळकटी आणि आईने दिलेला नारळाच्या लाडवांचा डबा, तिन्ही शाबूत. डबा थोडा हलका झालाय, पण त्याला मी काय करणार, प्रवास लांबचा होता. आजपासून मी, सुकोमल तरफदार, इथला असिस्टंट स्टेशनमास्तर. हुद्दा ऐकायला भारी, पगार हातात घ्यायला हलका. पण क्वार्टर बघून जीव हरखला. दोन खोल्या, मागे अंगण, विजेचा दिवा, आणि नळ! आमच्या गावात जमीनदाराकडेसुद्धा नळ नाही. तीनदा उघडून बघितला.

गाव म्हणजे सगळी रेल्वेची कृपा. इंजिनांना इथे तहान लागायची म्हणून तलाव खणला, टाकी बांधली, मग लोकोशेड, मग वसाहत. त्याआधी नुसती फणसाची झाडं आणि कोल्हे. गोरे साहेब गेले, त्यांच्या बंगल्यांत आता आपले साहेब राहतात आणि तितकेच गुरगुरतात. इथे कोंबडा आरवत नाही, शेडचा भोंगा आरवतो. इन्स्टिट्यूटमध्ये बिलियर्डचं टेबल, पुस्तकं, नाटकाचा रंगमंच. दुर्गापूजा दोन होतात म्हणे, एक लोकोवाल्यांची आणि एक आमची ट्रॅफिकवाल्यांची, आणि विसर्जन होईपर्यंत दोघांत अबोला. मजा आहे. मी इथे रमणार.

१० डिसेंबर

स्टेशनमास्तर हरिसाधन कुंडू, म्हणजे आमचे बडोबाबू, यांच्याकडे जेवलो. फ्लॉवर घालून केलेलं रोहू माशाचं कालवण असं की बोटं चाटत बसलो. वाढायला त्यांची भाची पारुल होती. मान खाली, पण माझ्या पानावर तिचं बारीक लक्ष. त्यांच्या पत्नी, काकीमा, म्हणाल्या, रेल्वेच्या बाबूला मुलगी देणं म्हणजे भोंग्याच्या गळ्यात बांधणं. बडोबाबू म्हणाले, मग तुला काय तुतारीच्या गळ्यात बांधलंय? सगळे हसले. पारुलही हसली. मी दोनदा भात मागून घेतला.

सकाळच्या पाळीवर एक वल्ली भेटली, नकुल बाउरी. गावात त्याला फटाकेवाला म्हणतात. धुकं पडलं की लांबच्या सिग्नलपाशी जाऊन रुळावर दोन फटाके बसवायचे, हे त्याचं काम. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरला कळतं, सिग्नल जवळ आला, गाडी आवर. मला बघून म्हणाला, छोटोबाबू, तुमच्या वयाचे किती आले आणि ढेरी घेऊन गेले, तुमची तर आधीपासूनच तयार दिसते. आगाऊ आहे. पण आवडला मला.

२४ डिसेंबर

आज खरं धुकं पाहिलं. ऑफिसच्या दारातून पलीकडचा पांढरा खांब दिसायला हवा. तो दिसेनासा झाला की नकुलला पाठवायचं, असा नियम. आज खांब काय, माझेच बूट दिसत नव्हते.

गाडी गेल्यावर नकुल परत आला तो मडकं घेऊन. सिग्नलपलीकडे त्याच्या मेव्हण्याची शिंदीची झाडं आहेत. पहाटे उतरवलेली नीरा! दात कळवळावेत इतकी गार, आणि गोड म्हणजे काय सांगू. नकुल म्हणाला, ऊन चढायच्या आत प्यायची बाबू, ऊन लागलं की हीच बया ताडी होते, मग बायको घरात घेत नाही. स्वतः तो ताडीला शिवत नाही. बायको सुबासी हिने लग्नात तशी शपथच घातलीय म्हणे. वर म्हणतो, ताडी सोडली, आता नुसती बायकोच चढते.

५ जानेवारी

संक्रांत जवळ आली. पारुल म्हणाली, यंदा ताज्या नीरेचे पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड वडे, करायचा विचार होता, पण एवढी नीरा सकाळी आणणार कोण? मी छाती पुढे काढून म्हणालो, त्यात काय मोठंसं! उद्याच आणवतो, करून तर बघा.

नकुलला सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, उद्या धुकं असेल बाबू, पाळी संपल्यावर आणली तर? मी म्हणालो, पाळी संपेपर्यंत तिची ताडी होईल, तूच म्हणतोस ना? जा, मी आहे इथे. तो हसला. म्हणाला, बौदींसाठी, आमच्या होणाऱ्या वहिनींसाठी ना, मग जायलाच हवं.

६ जानेवारी

नकुल गेला.

लिहवत नाही.

७ जानेवारी

लिहिलंच पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी तो मडकी आणायला गेला आणि मागून धुकं उतरलं. पांढरा खांब नाहीसा झाला. मी दारात उभा राहून बघत होतो. स्टेशनात मालगाडी उभी, मागच्या स्टेशनवर पॅसेंजर निघायच्या बेतात. मी ती तिथेच अडवून धरायला हवी होती. पण मग कारण विचारलं असतं, फटाकेवाला कुठे म्हणून. वाटलं, विरेल आता धुकं, येईलच नकुल. सांधे बदलणारा पॉइंट्समन चरण, त्याने विचारलं, खांब दिसतो का? मी म्हणालो, दिसतो की.

नकुलला परतताना कळलं असणार. कोटाच्या खिशात फटाके होतेच. दोन्ही हातांत मडकी घेऊन तो रुळांवरून पळत सुटला असणार. एक फटाका त्याने बसवला. तो फुटला, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, गाडी मालगाडीच्या अलीकडे थांबली. गाडीभर माणसं वाचली. दुसरा फटाका बसवायला तो वाकलेला होता, तिथेच इंजिनाखाली आला. दुसरा फटाका त्याच्या मुठीत सापडला.

मडकी फुटून रुळांत नीरा सांडलेली होती.

९ जानेवारी

चौकशी झाली. अपघाताच्या दिवशी रेल्वेचे मोठे साहेब पोचेपर्यंत दुपार झाली होती. कडक ऊन पडलं होतं. नकुलच्या कपड्यांना, खडीला, सगळ्याला ताडीचा भपकारा येत होता. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि त्यांचं तिथेच ठरलं: कामावर पिऊन आला, म्हणून मेला.

आज मला विचारलं, तो पीत होता का? एक वाक्य पुरलं असतं. साहेब, ती नीरा होती, मी आणायला पाठवलं होतं. एवढंच. पण म्हणालो, मी नवीन आहे साहेब, मला काही माहीत नाही.

साहेब म्हणाले, प्रामाणिक मुलगा आहे.

१० जानेवारी

दारुड्याच्या बायकोला भरपाई नाही, पेन्शन नाही, क्वार्टरही नाही. संक्रांतीपर्यंत खोली सोडायचा हुकूम झालाय. संक्रांतीला साहेब पुन्हा येणार आहेत, तेव्हा कागदावर शेवटची सही होईल.

सुबासी ऑफिसच्या दारात आली. रडली नाही. म्हणाली, छोटोबाबू, तुम्ही रोज बघत होता त्याला. तुम्हीच सांगा, तो प्यायचा का? मी तिकिटं मोजायला लागलो. तशीच उभी राहिली, मग गेली. शी! माझ्यासारखा नालायक मीच.

११ जानेवारी

सकाळी धुकं. नवा फटाकेवाला अजून आलेला नाही, म्हणून गाडी मागच्या स्टेशनलाच अडवून ठेवली होती. रुळांवर काही नव्हतं. तरी लांबच्या सिग्नलकडे फटाका वाजला.

एकच. चरणला विचारलं. त्याला ऐकू आला नव्हता.

१२ जानेवारी

पुन्हा धुकं. पुन्हा एकच फटाका, पण आज अलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी. धुकं विरल्यावर गाडी आली. ड्रायव्हर उतरून म्हणाला, तुमचा सिग्नलजवळचा माणूस चांगला आहे हो, पण त्याला घोंगडं तरी द्या, नुसत्या फाटक्या कोटात उभा आहे. छोटोबाबूंना निरोप सांगा म्हणाला. उतरवून ठेवलीय, ऊन चढायच्या आत या.

मी हसल्यासारखं केलं.

घरी आलो तर ओट्यावर मडकं. तोंडाला केळीचं पान बांधलेलं, नकुल बांधायचा तशी गाठ. अंगणात ओतून दिलं. हात साबणाने धुतले. वास जात नाही.

१३ जानेवारी

सहन होईना. बडोबाबूंच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. विडी पेटवली. मग म्हणाले, गेलेला माणूस परत येतो का? तुझी नोकरी जाईल, देखरेख माझी होती म्हणून माझीही जाईल, आणि पारुलचं काय? गप्प राहा. सुबासीला मी पाच-दहा रुपये देईन.

मी होकाराची मान हलवली. पुन्हा एकदा हलवली! पारुलने आतून पिठे पाठवले. एक तोंडात घातला आणि थुंकलो. आंबट. ताडीचा. बडोबाबूंनी तोच खाल्ला, म्हणाले, वा, काय गोडी आहे.

फटाका आज माझ्या क्वार्टरच्या दारात वाजला. उंबऱ्यावर काळा डाग आहे. भोंगा अजून व्हायचा होता.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळची पाळी. वही बरोबर आणली आहे. ठरलं, आज सांगणार. पॅसेंजरने साहेब येताहेत. उतरले की सर्वांसमोर सांगणार. नोकरी जाऊ दे, पारुल जाऊ दे.

तोंडाला वास येतोय. एक थेंब प्यायलेलो नाही. मीठ लावून घासलं, कडुनिंब चावला — जात नाही. चरण लांबूनच बोलतोय. बडोबाबू येऊन गेले, हळूच म्हणाले, अरे आजच्या दिवशी तरी —

धुकं वाढतंय. गाडी मागच्या स्टेशनहून निघाली, मग धुकं एकदम खाली बसलं. खांब दिसत नाही. नवा फटाकेवाला काल आला आणि आज तापाने पडलाय. स्टेशनात मालगाडी उभी आहे. तशीच, त्या दिवशीसारखी —

सुबासी फलाटावर बाकावर बसली आहे. बोचकी पायाशी. माहेरी चाललीय, याच गाडीने. तिच्याजवळ गेलो. म्हणालो, जाऊ नकोस, साहेबांना सगळं सांगतो, चूक माझी होती, मी पाठवलं होतं त्याला. तिने पदर नाकाला लावला. म्हणाली, बाबू, आधी तोंड धुऊन या. मी म्हणालो, देवाशपथ सुबासी, मी प्यायलो नाही.

ती म्हणाली, तोही प्यायला नव्हता.

कान देऊन बसलोय. फटाका वाजत नाही. आज तो वाजवत नाही. मलाच जावं लागणार — फटाक्यांचा डबा घेतला. दोनच फटाके आहेत. खांबाच्या बाजूने कुणीतरी हाक मारतंय, अगदी लाडाने, छोटोबाबू, चला —

रूळ वाजायला लागले. जातो. मी परत नाही आलो तर — ऊन पडेपर्यंत मला तिथे ठेवू नका — वास येईल, सगळे म्हणतील — कुणीतरी एकाने साहेबांना सांगा. एकाने तरी. मी प्यायलेलो नाही. मी प्याय