दीदी जिथं थांबायची

२ फेब्रुवारी, रविवार

स्पेलिंग चुकेल, माफ करजो. टायपिंग पण लय हळू आहे माही, एकच बोट चालते. नववीत शाळा सोडली, तवापासून मराठी लिहिलीच नाही. घरात लहान भाऊ विकी पण हिंदीतच बोलते. पण हे कोणाले सांगता येत नाही, म्हणून मोबाइलमध्ये लिहून राहिली.

आज चर्चमध्ये समोर उभी राहिली. पहिल्यांदा. चर्चमधली आराधना यामिनी दीदी घ्यायची — गाणं उचलणं, सगळ्याईले सोबत घेणं, कुठं आवाज कमी करायचा, कुठं प्रार्थना. दिवाळीनंतर ती गेली, दम्यानं. तिच्यामागं कोणी तयार नाही. पास्टर शेखर मम्मीले म्हणे, "पूर्णिमा घरी गाते ना? पाठवा तिले." मम्मी हव म्हणून मोकळी!

माइक हातात घेतला अन् आवाजच निघेना. सगळे आमच्या बीरगांवचे, रोज दिसणारे लोक, तरी. पास्टरनं थोडी वाट पाहिली. मग मोबाइल स्पीकरले जोडला — दीदीचं रेकॉर्डिंग. लोक लगेच गायले लागले. मी समोर उभी राहून नुसतं तोंड हलवलं.

मेलेल्या माणसाच्या आवाजावर तोंड हलवलं मी.

४ फेब्रुवारी

भांडे घासता घासता ऐकू येते. गाणं नाही. दीदीचा श्वास.

"तुझ्या दारी आलो, प्रभू" — इथं दीदी थांबायची. छातीतून बारीक शिट्टी वाजायची. मग "आम्हाला आत घे". गाणं तिनंच बनवलं होतं. दम पुरत नव्हता म्हणून थांबायची, पण आता सगळेच तिथं थांबतात. लहान पोट्टे पण. त्याईले वाटते गाणंच तसं आहे. ढोलकवर दिवाकर भैया असतात, दीदीचे मिस्टर. त्यायचा हात पण तिथं थांबते. पूर्ण चर्च चूप, अन् स्पीकरमधून फक्त तो श्वास.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पण स्पीकरच. विकी म्हणे, "तू तो हीरोइन हो गई. गाना किसी का, मुँह तेरा." मम्मीनं त्याले चप्पल दाखवली. मले हसू आलं, मग रडू.

११ फेब्रुवारी

पास्टर घरी आले. चहा घेतला. म्हणे, "ईस्टरले मले स्पीकर नाही लावायचा. जिती मंडळी आहे, जित्या माणसानं घ्यावं. तू घेशील तर तू. नाही तर दुर्गची गाणाऱ्याईची पार्टी बोलावतो, मग तेच येत जातील."

मी खालीच पाहत होती. पाहिजे का मले हे? हव. पाहिजे. दुसरं मले काहीच येत नाही. पण मम्मीसमोर नुसती मान हलवली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज स्पीकरशिवाय. आवाज निघाला. पण "प्रभू" नंतर मी थांबलीच नाही, सरळ पुढं गेली. माह्या छातीत दम आहे ना, काहून थांबू?

ढोलक थांबली. लोक थांबले. "आम्हाला आत घे" मी एकटीच गाऊन राहिली. सगळे माह्याकडं असे पाहून राहिले जसं मी कोणाच्या अंगावर पाय दिला.

मी माइक ठेवला. पास्टरनं मोबाइल काढला. दीदी पुढचं गायली.

२४ फेब्रुवारी

शांताबाई समोरच्या रांगेत बसतात, सगळ्यात म्हाताऱ्या. दळण घेऊन जाताना रस्त्यात भेटल्या. "पोट्टी, तू चांगली गाते. पण आम्ही ऐकतच बसतो ना मग! सूर खाली घे, आम्ही बुढ्या वर नाही चढत. अन् माइक तोंडात नको घालू. आमचा आवाज आमाले ऐकू येऊ दे. अन् भिंतीकडं काय पाहते, भिंत गाणार आहे काय?"

मी म्हटलं, "अन् ते थांबणं?"

त्या दळणाचा डबा इकडून तिकडं घेत राहिल्या. मग चक्कीकडं निघून गेल्या.

९ मार्च, रविवार

सूर खाली घेतला. शांताबाईच्या तोंडाकडं पाहिलं. अन् दीदी थांबायची तिथं थांबली.

सगळे गायले. बाया रडल्या. दिवाकर भैयाईनं डोळे पुसले अन् ढोलक पुन्हा धरली. बाहेर चपला घालताना एक बाई म्हणे, "आज यामिनीच गायली असं वाटलं." दुसरी म्हणे, "डिट्टो."

खुश व्हाले पाहिजे मी.

१२ मार्च

मम्मी म्हणे, "तुले दम लागते काय? शिट्टी कायची वाजून राहिली?"

मी कपडे वाळू घालत होती, गुणगुणत. मले माहीतच नव्हतं. आता चूप बसली तरी कान छातीकडंच राहते.

३० मार्च, रविवार

पुन्हा लोक म्हणाले, डिट्टो. रेकॉर्डिंगची गरज नाही आता, म्हणे.

हव. मी आहे ना रेकॉर्डिंग.

१९ एप्रिल, शनिवार

प्रॅक्टिस. दिवाकर भैया ढोलकच्या दोऱ्या कसून राहिले होते. पास्टर खुर्च्या लावत होते. सकाळपासून घोकलं होतं. मग बोलली एकदाची.

"भैया, उद्या मी तिथं नाही थांबणार."

त्याईनं वर नाही पाहिलं. दोरी ओढली. बोटानं चाम वाजवून पाहिलं. पुन्हा ओढली.

"ती मले म्हणायची, माह्यामुळं गाणं तुटते," ते म्हणाले. "मीच म्हणायचो, तुटू दे."

एवढंच. हव नाही म्हटलं, नको पण नाही. घरी येऊन जेवण नाही गेलं.

२० एप्रिल, ईस्टर

सकाळी अंधारातच सगळे आले. पहिली ओळ एकटी गायली, खालच्या सुरात. मग माइक खाली केला. "प्रभू" आलं. मी थांबली नाही.

ढोलक पण नाही थांबली!

लोक अडखळले. शांताबाई मागं राहिल्या. दुसऱ्यांदा तीच ओळ आली तवा अर्धे सोबत आले. तिसऱ्यांदा सगळे, एका दमात. माहा आवाज मलेच ऐकू येत नव्हता त्याईच्या आवाजात. पास्टरनं लांबूनच मान हलवली — म्हणजे दुर्गची पार्टी नाही येणार. दिवाकर भैया माह्यासाठी वाजवत राहिले. माह्यासाठी. मी सांगितलं म्हणून. दिवसभर हेच डोक्यात.

पण दुपारी भांडे घासायले बसली तर एक गोष्ट आली मनात, ती जातच नाही. ती जागा आम्ही भरून टाकली. आता दीदी श्वास कुठं घेईल?

२२ एप्रिल

दिवाकर भैयाचं लग्न ठरलं. पोट्टी बूढ़ापाराची आहे, राधिका नाव. मम्मी म्हणे, बोलणं तर होळीच्या आधीच झालं होतं, ईस्टरपर्यंत कोणाले सांगू नका, असं भैयाईनंच म्हटलं होतं. म्हणजे ईस्टरले ढोलक थांबली नाही, तवा हे ठरलेलंच होतं. पास्टरनं निरोप पाठवला — लग्नात गाणे पूर्णिमानंच घ्यावे.