एकसष्ट नंबरची लाल चिठ्ठी

१२ जानेवारी १९८८, डुलुथ

फोनवर बसवलं मला! नऊ वर्षं लोकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या, आणि आज डॉ. हॉल्टर सगळ्यांसमोर म्हणाले — "व्हर्ना, तू फोन. घरभेटी लॉर्ना करेल." तिनंच कान भरलेत त्यांचे. वर मला म्हणते, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. तू लोकांशी गप्पा फार मारतेस."

बघून घेईन.

१४ जानेवारी

नव्या अभ्यासात एकाच माणसाच्या दोन मुलाखती. आधी मी फोनवर, मग आठवड्याच्या आत लॉर्ना घरी. प्रश्न तेच — झोप, भूक, दारू, मरावंसं वाटणं. एकमेकींना काही सांगायचं नाही, कागद बंद लिफाफ्यात. जूनमध्ये डॉक्टर दोन्ही ताडून बघणार, फोनवर मनाचा आजार तितकाच कळतो का ते.

लॉर्ना सँडविच चावत म्हणाली, "चेहरा बघितल्याशिवाय काय कळणार? फोनवर माझा नवरासुद्धा शहाणा वाटतो!" सगळ्या हसल्या. मीही हसले. अंगाची नुसती लाही होत होती.

२ फेब्रुवारी

उणे पंचवीस. लॉर्नाची गाडी बर्फात रुतली म्हणे. छान!

९ फेब्रुवारी

एकसष्ट नंबर. (नाव लिहायचं नसतं.) आवाज नीटनेटका. थंडीबद्दल बोलली, मुलं शाळेत गेलीत म्हणाली. मरणाच्या प्रश्नाला थांबली. मीही थांबले, घाई केली नाही. मग — "हो. गोळ्या जमवल्यात मी. समोर बसून कुणाला सांगता आलं नसतं हो. मला हसायची सवय आहे."

अशा उत्तराला नियम एकच. लाल चिठ्ठी, त्याच दिवशी, डॉक्टरांच्या हातात. पण चिठ्ठी गेली की डॉक्टर स्वतः धावणार, आणि ते माणूस अभ्यासातून बाद, म्हणजे लॉर्नाची भेटही रद्द. शुक्रवारी लॉर्ना जाणार आहे तिच्याकडे. ही हसेल, केक पुढे करेल, आणि लॉर्ना "काही आजार नाही" लिहून येईल. चेहरा बघून! जूनमध्ये दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतील, तेव्हा तिचं तोंड मला बघायचंय.

चिठ्ठी भरली. खणात ठेवली. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

१० फेब्रुवारी

दोनदा खण उघडला. दोनदा बंद केला.

१२ फेब्रुवारी

लॉर्ना तीनपर्यंत यायला हवी होती. पाच वाजले तरी पत्ता नाही. डॉक्टरांना फोन आला, ते कोट घेऊन पळाले. मला कुणी काही सांगत नाही.

१६ फेब्रुवारी

एकसष्ट जिवंत आहे! लॉर्ना पाच मिनिटं बसली, कागद मिटले आणि तिला गाडीत घालून थेट इस्पितळात नेलं. "हसत होती गं, केकही केला होता. पण कापायला सुरी घेतली आणि तशीच उभी राहिली."

डॉक्टर बैठकीत म्हणाले, "म्हणजे फोनवर निसटली." मी मान खाली घातली. तर लॉर्नाच मध्ये पडली — "व्हर्नाला बोलू नका. तिला कळलं असतं तर तिनं चिठ्ठी दिलीच असती."

कळलं होतं! तुझ्याआधी, नुसत्या आवाजावरून! पण हे ओरडून सांगायचं तर चिठ्ठी कुठे होती तेही सांगावं लागेल. वर मेली माझ्यावर उपकार करते! तिचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

१८ फेब्रुवारी

लॉर्ना इस्पितळातून सरळ माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, एकसष्टनं तिला सांगितलंय — "फोनवरच्या बाईंनी शब्द दिला होता, आजच कुणीतरी येईल. चार दिवस खिडकीशी बसून होते मी."

दिला होता मी शब्द. इथं, या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.