अकरा दिवसांनी पिकणारी ठेव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा कपड्यांना इस्त्री करण्याचा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कुणी धाकदपटशा दाखवलेला नाही. माझ्यापुढे तशी कुणाची टापही नव्हती.

१. राहतं घर, दोन खोल्या व न्हाणीघर, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावं. घरावर कर्ज नाही, गहाण नाही, कुणाचा दावा नाही. मात्र घेणाऱ्याला अंधारात ठेवू नये म्हणून नोंदवते: या घरात मुलीचे वडील अजून येतात. मी चहा ओतत असले की स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून विचारतात, "घेऊ का?" मी "घ्या ना" म्हणत वळते, तर दारात कुणी नसतं. एकोणीस वर्षं हे चाललं आहे.

हे बस डेपोत मेकॅनिक होते. पगाराचं पाकीट न फोडता माझ्या हातात ठेवायचे आणि मग महिनाभर एकेक गोष्ट विचारून घ्यायचे. केस कापायचे, चप्पल शिवायची, चहात दुसरा चमचा साखर, सगळं विचारून. मी कधी 'नाही' म्हणायचे, कधी 'पुढच्या महिन्यात बघू'. दोन्हीचा अर्थ एकच, हे त्यांनाही ठाऊक होतं.

२. पत्र्याचे चार डबे: किराणा, वीज-पाणी, औषध, अडचण. याच डब्यांच्या जोरावर घर झालं, मुलगी शिकून शाळेत शिक्षिका झाली, हे खरं. तरी ते कुणाला देऊ नयेत, भंगारात घालावेत. महिनाअखेर औषधाच्या डब्यात पैसे उरले की मला वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं. ते पैसे मी मुदत ठेवीसाठी बाजूला काढायचे.

३. यांची पान्यांची पेटी डेपोतल्या त्यांच्या जोडीदाराला द्यावी. सगळे त्यांना ग्रीसभाऊ म्हणतात. शेवटच्या दिवसांत तेच मला म्हणाले होते, "वहिनी, पैसे मी देतो, तपासणी उद्याच करून टाका." मी म्हटलं, आमच्याकडे आहेत. होतेच.

४. धाकट्या दिरांना काही नाही. आमची शिडी त्यांनी एका दुपारपुरती नेली, त्याला बावीस वर्षं झाली. शिडी राहू द्यावी त्यांच्याकडेच, पण मी विसरले नव्हते एवढं कळवावं.

५. मुदत ठेव. हे कलम मी तीनदा लिहून फाडलं. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी यांना मोठ्या दवाखान्यात तपासणी करायला सांगितली. खर्च ठेवीतून निघायचा होता आणि ठेव अकरा दिवसांनी पिकणार होती. आधी मोडली तर व्याज कापलं गेलं असतं. हे दारात येऊन उभे राहिले. "अगं, जरा जास्तच दुखतंय. तपासणी करून घेऊ का?" मी भाजी चिरत होते. वरही पाहिलं नाही. "अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे. तेवढं थांबा." "बरं, थांबतो," म्हणाले.

नवव्या दिवशी डेपोत, दुरुस्तीला आलेल्या बसखाली काम करतानाच छातीत कळ येऊन गेले. ठरल्या तारखेला ठेव पिकली, पूर्ण व्याजासकट. मी ती पुन्हा ठेवली आणि दर वर्षी ठेवत आले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नात्यातल्या सुनांना लोक सांगतात, संसार करावा तर हिच्यासारखा, आणि मी मान खाली घालून ऐकते. मला यांची माफी मागायची आहे, आणि ती कुठे जाऊन मागायची ते मला कळत नाही.

ही ठेव मुलीला द्यावी.

इथवर गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. पुढचं आज लिहिते. मुलीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच काढा. तिच्याजवळचे पैसे पुरत नव्हते. फोनवर म्हणाली, "आई, तुझी ठेव महिनाअखेर पिकतेय ना? तोवर थांबते. उगाच व्याज कशाला घालवायचं?" माझीच लेक, आणि माझंच बोलणं. तशीच उठून बँकेत गेले. काउंटरवरच्या बाई समजावू लागल्या, "आजी, सतराच दिवस राहिलेत, थांबा की." मी म्हटलं, "मोडा. आत्ता मोडा." आवाज इतका चढला की रखवालदार आत आला. तेव्हा कलम ५ खाली आता देण्यासारखं काही उरलेलं नाही.

६. मुलगी माझ्याआधी गेली तर घर कुणाला, असं वकीलबाईंनी काल विचारलं. असं कलम घालायची पद्धत आहे म्हणे. मी घालू दिलं नाही. दुसरं कुठलंही नाव मी लिहिणार नाही.

सही: (मुलीची आई)

साक्षीदार, आम्ही एकमेकींच्या समोर सह्या केल्या:
१. खालच्या औषध दुकानाची मालकीण
२. या मजल्यावरची आया

ठिकाण: दवाखाना, दुसरा मजला, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरचं बाकडं.
दिनांक: अठरा, गुरुवार, सकाळचे साडेअकरा. डॉक्टर तासाभराचं काम म्हणाले होते. मुलीला आत नेऊन अडीच तास झाले.