फुलपाखरांची खोली कुणी सुचवली

आत्याबाई, ओळखलंत का, का नेहमीप्रमाणं विसरलात? भाजीत मीठ टाकायचं विसरायच्या तुम्ही, पण माझ्या माहेरून लुगडं आलं नव्हतं ते मरेपर्यंत विसरला नाहीत. मी तुमची सून. अक्षर तेव्हाही येत नव्हतं, आताही नाही. मी बोलतेय, नात लिहितेय अन् मधेच हसतेय.

सांगायचं ते असं, की बागेतल्या काचघराला लागून आता फुलपाखरांचं घर बांधलंय. दुष्काळात ती बाग बायकांच्या सोसायटीकडं होती, आठवतं? काचघरातली रोपं आपण दोघी जगवत होतो. बाहेर सगळं करपलेलं अन् आत रांजण पाझरायचा. त्याच्याखालच्या ओल्या मातीवर पिवळी फुलपाखरं येऊन बसायची. एकदा तुम्ही पदर सावरून त्यांच्याशेजारी बसता आणि हळूच म्हणता, "ह्यान्ला इथंच एक खोली काढून द्यावी बघ. बैठकीत तू बोल, तुझा आवाज मोठा हाय. मी हाय की मागं."

मी बोलले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "माणसाला प्यायला न्हाई, अन् फुलपाखराला म्हाल?" बाया खो खो हसल्या. मी मागं वळून बघते, तर सगळ्यांच्या आधी तुम्हीच तोंडाला पदर लावलेला. वर म्हणालात, "ऊन लागलंय तिला. मनावर घेऊ नका, बायांनो." पुढं बाजारात जाईन तिथं "आलं बघा फुलपाखरू" ऐकलं. तेही सोसलं. पण बैठकीच्या दिवशी घरी येऊन तुम्ही भाकरी थापत बसलात. मी विचारलं, "कावून असं केलं, आत्याबाई?" तर म्हणता, "काय केलं? मला काई आठवत न्हाई." तुमचं ते हसणं विसरले मी. हे तुमचं न आठवणं लई लागलं, अजून लागतं.

परवा उद्घाटनाला मला मुद्दाम नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "आजी, लोक त्या बैठकीचा किस्सा अजून सांगतात, पण तेव्हा ही कल्पना खरी कुणाची?" तुमचं नाव अगदी ओठावर आलं होतं. मी म्हणाले, "माझी. ऊन लागलं होतं मला."

फिटंफाट झाली म्हणावं, तर काल घास गोड लागला नाही.

हे कुठं धाडायचं नाही, नातीलाही ठाऊक आहे. तिला एवढंच सांगते: बाई गं, काचघरात केळी धाड, पण पिवळी नकोत, पिकून काळी पडलेली. फुलपाखरांना तसलीच लागतात म्हणे. आत्याबाईंना दात नव्हते, त्यांनाही तसलीच लागायची. दोन जास्तच धाड.