एकेचाळीस ‘जणू’

आदरणीय पाळकसाहेब, म्हणजे दादा,

सप्रेम सलाम. देवाच्या दयेने इकडे सगळं ठीक आहे. मी, छापखाना आणि माझी कंबर, तिघेही कुरकुरतो पण चालतो. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप झाल्याचं वहिनींनी कळवलं आणि जीव भांड्यात पडला. महिनाभर एक अक्षर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. बरं झालं. (डोळ्याचं नव्हे, न वाचण्याचं. का ते पुढे कळेल.) म्हणजे हे पत्र वहिनीच तुला वाचून दाखवणार. (वहिनी, सलाम. कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी, तो मनातल्या मनात वाचायचा. हा मोठ्याने वाचून झाला असेल तर असू दे, पुढचे सांभाळा.) फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतोस आणि मी मुद्दा सोडून तुझ्याबरोबर हसत बसतो. आज मला हसायचं नाही, निदान दुसऱ्या पानापर्यंत तरी.

तर गुन्हा कबूल करतो. तू आयुष्यभराचे उपदेश गाळून-चाळून हे एक पुस्तक लिहिलंस, ते माझ्या हवाली केलंस आणि वर म्हणालास, “तू प्रूफं बघितलीस म्हणजे मीच बघितली.” दादा, तुझं तिथेच चुकलं. तीस वर्षं लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करून माझी दुरुस्तीची खोड इतकी वाढली आहे, की मी घरी आलेलं वाणसामानाचं बिलसुद्धा शुद्ध करून परत देतो. चौदाव्या पानापर्यंत मी शहाण्यासारखा वागलो. चौदाव्या पानावर तू लिहिलंस, की देव माणूस झाला तो पाहुण्यासारखा येऊन बघून जायला नव्हे. आपली भूक, आपला थकवा, आपलं मरणसुद्धा त्याने स्वतःचं केलं, ते एवढ्याचसाठी की त्याचं जीवन आपलं व्हावं. आणि त्याच्या खाली, स्वतंत्र ओळीत, ‘ख्रिस्तामध्ये माणूस देवाशी एक होतो’. झालं! माझ्या डोळ्यांसमोर आपल्या चर्चच्या मंडळीचे सचिव उभे राहिले. तेच ते, आपण ज्यांना हरकतसाहेब म्हणतो, ज्यांनी मागे ‘आमेन’ फार मोठ्याने म्हटलं जातं म्हणून लेखी हरकत घेतली होती. हा माणूस तुझं वाक्य वाचून भर सभेत विचारणार, की पाळक स्वतःला देव समजतात काय? आधीच तुझा रक्तदाब तो तसला. म्हणून मी फक्त एक छोटासा, निरुपद्रवी, कोणाच्या नजरेत न भरणारा शब्द घातला. ‘ख्रिस्तामध्ये माणूस जणू देवाशी एक होतो.’ बघ, कसं सभ्य वाटतं.

पण एका पानावर ‘जणू’ आणि बाकी पानांवर नाही, हे माझ्यासारख्याला बघवतं का? पुढची पाच-सहा पानं मी हाताने केली. मग माझी दाढ ठणकायला लागली. मी टाइप करणाऱ्या बाईंना (त्यांना आम्ही एक्सप्रेस म्हणतो, थांबा म्हटलं तरी पुढच्या स्टेशनावरच थांबतात) सांगितलं, की जिथे जिथे ‘एक होतो’, ‘एक झाला’ असं दिसेल तिथे तिथे आधी ‘जणू’ टाका, आणि दाढ काढायला गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर एकेचाळीस ठिकाणी ‘जणू’. आणि कुठे कुठे, ते ऐक. प्रस्तावनेत तू लिहिलंस, ‘आमच्या तिन्ही मंडळ्या एक झाल्या.’ तिथे ‘जणू एक झाल्या.’ हे खरं म्हणजे वस्तुस्थितीला धरून आहे. पण त्याच्याच खाली, ‘बेचाळीस वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी एक झालो’, तिथेही ‘जणू’. (वहिनी, आधी पाणी प्या. दादाचा यात काही हात नाही. तुम्ही बेचाळीस वर्षं त्याचे मोजे शोधता आहात, त्याला कोणी जणू म्हणणार नाही.) आणि सगळ्यात कहर बाविसाव्या पानावर. तिथे माझ्या कृपेने देव माणसाशी जणू एक झाला होता! म्हणजे त्याचं जन्मणं, भुकेलं होणं, मित्राच्या कबरीपाशी रडणं, क्रूसावर मरणं, सगळं नाटक. पहिल्या काही शतकांत नेमकं हेच म्हणणाऱ्या लोकांशी मंडळीचं हाडवैर झालं होतं, हे तूच मला शिकवलंस. त्या पाखंडाला इतक्या शतकांनी, दाढ सुजलेल्या अवस्थेत, एका छापखान्यात मी पुन्हा जिवंत केलं.

मी कागदाच्या गठ्ठ्यावर डोकं धरून बसलो. एक्सप्रेसबाई चहा घेऊन आल्या, कशाचं एवढं मनावर घेता म्हणाल्या. मी त्यांना सगळा घोळ सांगितला, की माणूस देवाशी खरंच एक होतो म्हटलं तर लोक भडकतील, आणि जणू म्हटलं तर चालून जाईल. त्या बाईंनी पुस्तक टाइप केलं होतं पण वाचलं नव्हतं (हीच त्यांच्या वेगाची किल्ली). त्या म्हणाल्या, “काका, माझ्या सासूबाई चारचौघांत म्हणतात, ही जणू माझी लेकच. त्या दिवशी मला कळतं, की मी लेक नाही.” एवढं बोलून त्या पुढच्या स्टेशनाकडे निघून गेल्या. चहा तसाच राहिला.

दादा, मग मी काय विचार करत बसलो, ते तुला सांगायलाच हवं. हा शब्द माझ्या पेनात नवा आलेला नाही. सहाव्या वर्षी आईने मला या घरात आणलं, तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. आपल्या घरात सगळ्यांची नाकं धारदार, आणि मी असा. तू मला पहिल्याच दिवशी ‘चपट्या’ म्हणालास आणि तुझी अर्धी चादर दिलीस. आई मला धाकटा म्हणायची, तूही. पण आत्या कोणालाही ओळख करून देताना म्हणायची, हा जणू आमचाच. वाईट नव्हती बिचारी, प्रेमानेच म्हणायची. पण तो शब्द माझ्या अंगाला चिकटला तो चिकटलाच. साठ वर्षं झाली, मी अजून तुझ्या घरी आलो की दार वाजवतो आणि वहिनी आतून ओरडतात की उघडंच आहे. अजून तुमच्या घरात माठातलं पाणी विचारून घेतो. बाबांच्या दफनाच्या वेळी मी दुसऱ्या रांगेत उभा राहिलो, तेव्हा तू माझा कोट धरून मला पुढे ओढलंस, इतक्या जोरात की वरचं बटण तुटून पडलं. मी बाबांसाठी रडत होतो आणि एका हाताने कोट आवरत होतो, आणि मनात म्हणत होतो, की हा मला इथे उभं करतोय, पण लोक काय म्हणतील?

आणि मग बासष्टावं पान वाचलं. तू लिहिलंस, ‘आपण देव होत नाही. तो तोच राहतो, आपण आपणच राहतो. दत्तक आणलेल्या पोराचं नाक बदलत नाही, पण घर त्याचं होतं, बाप त्याचा होतो, आणि ते काही बोलायची रीत म्हणून नव्हे.’ दादा, ते नाक माझं आहे. नाकी नऊ आणलेस बघ, या वयात मला छापखान्यात रडवलंस. तू माझ्याबद्दल आणि देवाबद्दल एकाच वाक्यात लिहू शकलास, आणि मी मात्र त्याच वाक्यावर लाल पेन घेऊन बसलो होतो. साठ वर्षं मला माझ्याबद्दल जे खरं वाटलं नाही, ते देवाबद्दल तरी कुठून वाटणार?

असो. तीन दिवसांपूर्वी सगळे ‘जणू’ एकेक करून, माझ्या हाताने, खोडून टाकले. बाविसाव्या पानावरचा खोडताना तर कागद फाटला. रागावला असशील तर रागाव, पण डोळ्यावर ताण देऊन रागावू नकोस. औषधाचे थेंब वेळेवर घाल.

तुझा,
चपट्या

ता. क. हरकतसाहेब आज कुठल्याशा पत्रिकेसाठी छापखान्यात आले होते. टेबलावर चौदावं पान होतं, ते त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मी मशीनच्या मागे लपलो. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘होतो’च्या पुढे पूर्णविराम राहिलाय. खरंच राहिला होता. ज्यांच्या भीतीने मी एवढा उपद्व्याप केला, त्यांची हरकत एवढीच.

ता. क. २. वर ‘सगळे’ खोडले म्हणालो ते पूर्ण खरं नाही. तिन्ही मंडळ्यांचा मी तसाच ठेवला आहे. मागच्या बैठकीत खुर्च्यांवरून जे झालं ते बघता तो काढायचा असेल तर तू स्वतःच्या जबाबदारीवर काढ.

ता. क. ३. आता खरं सांगतो, पत्र लिहायला बसलो ते याच्यासाठी. पहिला ‘जणू’ मी चौदाव्या पानावर घातला नव्हता. तो तिसऱ्या पानावर घातला, अर्पणपत्रिकेत. तू लिहिलंस, ‘माझ्या सख्ख्या भावास’, आणि पुढे काहीच नाही. मी ते ‘माझ्या जणू सख्ख्या भावास’ केलं. बाकीचे काढले, पण हा निघत नाही. तीन दिवस पेन हातात घेऊन बसतो आहे. स्वतःला सख्खा म्हणून मी स्वतःच कसा छापू? तूच पुढे पुस्तकात लिहिलंस ना, की हे आपलं आपल्याला होत नाही, थोरल्या भावाने, म्हणजे ख्रिस्ताने, करावं लागतं. ते पान सोबत ठेवलं आहे, लाल पेनही ठेवलं आहे, आणि मशीन थांबवून ठेवलं आहे. वहिनी, हे मोठ्याने वाचा. आणि वाचून झालं की त्याचा हात धरून त्या शब्दावर नेऊन ठेवा. रेघ वाकडी आली तरी चालेल, मी वाचून घेईन.